विश्लेषण : मेंढपाळाला लोकर नकोशी, शहराला गालिचा हवासा... घोंगडीचा धंदा नेमका अडला कुठे?

पुण्या-मुंबईच्या हस्तकला प्रदर्शनांत काळ्या दख्खनी लोकरीचा गालिचा, योगासनांसाठीची बैठक किंवा लॅपटॉपची पिशवी ‘सस्टेनेबल’ अशी पाटी लावून विकली जाते आणि तिला गिऱ्हाईकही मिळते. त्याच वेळी माण, आटपाडी, जत, सांगोला या दुष्काळी पट्ट्यातले अनेक मेंढपाळ कातरलेली लोकर बांधावर टाकून पुढे निघतात, कारण ती विकून कातरणीची मजुरीही सुटत नाही. कच्चा माल जवळपास फुकट आणि पक्का माल महाग, असे असेल तर मधल्या कुणाची तरी चांदी व्हायला हवी. प्रत्यक्षात मेंढपाळाच्या हाती काही पडत नाही आणि विणकराच्या मुलाला मागावर बसायचे नाही.

याच लोकरीवरच्या सुरेश एरियत यांच्या ‘देसी ऊन’ या अॅनिमेशनपटाला २०२५ मध्ये फ्रान्समधील अॅनेसी महोत्सवात ज्युरी पुरस्कार मिळाला. कौतुक जगभर झाले. पण कौतुकाने सूत कातले जात नाही. घोंगडीचे छोटे उत्पादक आज काय बदल करत आहेत, ते पुरेसे का ठरत नाहीत आणि हे भिजत घोंगडे वाळवायचे कसे, हे समजून घेऊ.

घोंगडी तयार कशी होते?

दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरली जाते. एका मेंढीपासून वर्षाला जेमतेम अर्धा ते एक किलो लोकर मिळते. ती काळी, पांढरी, तपकिरी अशी रंगाप्रमाणे निवडतात. पारंपरिक घोंगडीला रंग देत नाहीत. मेंढीचा रंग हाच तिचा रंग. निवडलेल्या लोकरीतला काडीकचरा आणि कुसळे काढून ती पिंजली जाते, तिचे पेळू वळले जातात आणि चरख्यावर सूत काढले जाते. हे काम बहुतेक घरांत बायका करतात, त्यातही वयस्कर बायका.

उभ्या धाग्यांना, म्हणजे ताण्याला, चिंचोक्याची खळ दिली जाते. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून ही खळ तयार होते. खळीमुळे सूत कडक होते आणि फणीच्या घर्षणाने तुटत नाही. मग जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून विणकर मागावर बसतो आणि हाताने धोटा फेकत घोंगडी विणतो. विणून झाल्यावर ती धुऊन, तुडवून वाळवतात. त्यामुळे तंतू एकमेकांत घट्ट बसतात आणि कापड पावसाचे पाणी बराच वेळ अडवते.

या कामाची जुनी विभागणी ठरलेली आहे. मेंढ्या धनगरांकडे, तर विणकाम सणगर आणि खुटेकर धनगर समाजाकडे. माण तालुक्यातले म्हसवड किंवा बिरदेवाच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेले कोल्हापूर जिल्ह्यातले पट्टणकोडोली, अशा गावांत ही घरे आजही सापडतात. मात्र घरात माग असणे आणि तो रोज चालणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लोकर फेकून का दिली जाते?

पहिले कारण तंतूचे आहे. लोकरीचा दर्जा तंतूच्या जाडीवर ठरतो. स्वेटर आणि सुटाच्या कापडासाठी जगभर चालणाऱ्या मेरिनो लोकरीचा तंतू साधारण २४ मायक्रॉनपेक्षा बारीक असतो. दख्खनी लोकरीचा तंतू ५० मायक्रॉनच्या आसपास भरतो. ३० मायक्रॉनहून जाड तंतू त्वचेला टोचतो, म्हणून दख्खनी लोकर अंगालगत वापरायच्या कपड्यांना चालत नाही. बारीक लोकर भारत ऑस्ट्रेलियासारख्या देशांतून आयात करतो आणि आपली जाडीभरडी लोकर पडून राहते.

दुसरे कारण मेंढीचे आहे. आज मेंढी पाळली जाते ती मटणासाठी. धिप्पाड अंगाच्या माडग्याळ किंवा नेल्लोर जातीच्या नरांशी संकर केला की कोकराचे वजन वाढते, बाजारात दर चांगला मिळतो. पण अशा संकरित मेंढ्यांच्या अंगावर लोकर कमी आणि केस जास्त असतात. मेंढपाळाचा हिशेब चुकीचा नाही. एका कोकराचे जेवढे पैसे येतात, तेवढे सगळ्या कळपाची लोकर विकूनही येत नाहीत. २०१९च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत, पण त्यातल्या किती मेंढ्यांची लोकर घोंगडीच्या कामाची उरली, हा वेगळा प्रश्न आहे.

तिसरे कारण फिरस्तीचे आहे. अनेक धनगर कुटुंबे दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात किंवा बागायती भागात उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. कातरणी वाटेत झाली तर पाच-दहा किलो लोकरीची गाठोडी घोड्यावर लादून गावापर्यंत आणायची कुणी आणि कशासाठी? देशात २०२२-२३ मध्ये सुमारे ३.३६ कोटी किलो लोकर निघाली. त्यातला जवळपास निम्मा वाटा राजस्थानचा, महाराष्ट्राचा पाच टक्क्यांच्या आत. एवढ्या विखुरलेल्या मालासाठी मोठा व्यापारी वाट वाकडी करत नाही.

मग घोंगडीला गिऱ्हाईक का उरले नाही?

एके काळी घोंगडी हे अंथरूण होते, पांघरूण होते, पावसात डोक्यावर घ्यायची खोळ होती आणि घरी आलेल्या पाहुण्याला बसायचे आसनही होते. देवाचे जागरण असो की पंचांची बैठक, घोंगडी अंथरल्याशिवाय काम सुरू होत नसे. ही सगळी कामे एकेक करून इतरांनी पळवली. पावसाचे काम प्लास्टिकच्या कागदाने घेतले. पांघरुणाचे काम आधी पानिपतमध्ये जुन्या कपड्यांच्या पुनर्वापरातून तयार होणाऱ्या ब्लँकेटने आणि नंतर पॉलिस्टरच्या मऊ ब्लँकेटने घेतले. ही ब्लँकेटे हलकी, रंगीत, धुवायला सोपी आणि काहीशे रुपयांत मिळणारी.

त्यामुळे घोंगडीचे जुने गिऱ्हाईक, म्हणजे स्वतः शेतकरी आणि मेंढपाळ, हळूहळू दूर झाले. उरली ती धार्मिक विधींपुरती आणि हौसेपुरती मागणी. तिथेही यंत्रावर तयार झालेले कृत्रिम धाग्याचे काळे ब्लँकेट घोंगडीच्या नावाने खपवले जाते आणि साध्या गिऱ्हाइकाला फरक कळत नाही.

छोटे उत्पादक काय बदल करत आहेत?

गेल्या काही वर्षांत शिकलेली काही तरुण मुले, महिला बचत गट आणि डिझाइनर या धंद्यात उतरले आहेत. त्यांनी पहिली गोष्ट ओळखली ती अशी, की ही लोकर अंगालगतची नाही, जमिनीलगतची आहे. म्हणून त्यांनी पांघरुणाचा हट्ट सोडून गालिचे, आसने, पायपुसणी, उशीचे अभ्रे, पिशव्या, लॅपटॉपची कव्हरे, चपलांचे तळवे असा माल सुरू केला. जाड तंतू इथे दोष नसून गुण ठरतो. तो दबत नाही, झिजत नाही, टिकतो.

दुसरा बदल आकाराचा. पूर्ण घोंगडी विणायला बरेच दिवस लागतात आणि ती विकली जाईपर्यंत पैसे अडकून पडतात. आसन किंवा पिशवीचे कापड लवकर उतरते, कमी भांडवलात फिरते आणि गिऱ्हाईकही हजार रुपयांच्या आत चाचपून बघते. तिसरा बदल विक्रीचा. व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्रामवर फोटो टाकून आधी ऑर्डर, मग विणकाम, अशी पद्धत रुजते आहे. माल पडून राहत नाही आणि व्यापाऱ्याच्या उधारीतून सुटका होते. काही जण हलक्या प्रतीच्या लोकरीचा नमदा लाटतात. लोकरीत नत्र असल्यामुळे परदेशात टाकाऊ लोकरीच्या गोळ्या खत म्हणून विकल्या जातात. तोही मार्ग इथे खुला आहे.

हे सगळे स्वागतार्ह आहे. पण या प्रयोगांचे यश मोजताना आपण फक्त दुकानाच्या बाजूने बघतो. नवे डिझाइन आले, प्रदर्शन झाले, बातमी आली. अशा उत्पादकांची खरी तक्रार बाजार नाही अशी नसतेच. पन्नास आसनांची ऑर्डर आली तर तेवढे सूत वेळेत मिळत नाही, ही असते. पिंजलेली स्वच्छ लोकर आणि एकसारखे कातलेले सूत हाच या धंद्याचा अडलेला सांधा आहे.

चार हजारांची घोंगडी महाग आहे का?

एक ढोबळ हिशेब मांडून पाहू. समजा, लोकर निवडण्यापासून विणून वाळवण्यापर्यंत एका मोठ्या घोंगडीवर घरातल्या सगळ्यांचे मिळून आठ दिवसांचे श्रम जातात. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा मजुरी दर दिवसाला ३१२ रुपये होता. हा काही कुशल कारागिराचा दर नव्हे, अंगमेहनतीचा किमान दर. तरीही आठ दिवसांचे झाले २,४९६ रुपये. लोकर, चिंचोके, वाहतूक यासाठी ३०० रुपये धरले की खर्च २,८०० रुपयांच्या घरात जातो. दुकान किंवा वेबसाइटने ३० टक्के कमिशन घेतले तर विक्रीची किंमत ४,००० रुपये ठेवावी लागते.

आता तीच घोंगडी गिऱ्हाइकाने घासाघीस करून २,००० रुपयांना नेली असे समजा. कमिशन वजा जाता १,४०० उरले. त्यातून ३०० रुपयांचा खर्च गेला. राहिलेल्या १,१०० रुपयांना आठ दिवसांनी भागले तर दिवसाची मजुरी येते १३७ रुपये. म्हणजे ‘स्वस्तात मिळाली’ म्हणून जो आनंद होतो, त्याचे पैसे सूत कातणाऱ्या बाईच्या मजुरीतून कापले गेलेले असतात.

हे फक्त घोंगडीचे दुखणे नाही. २०१९-२०च्या चौथ्या हातमाग गणनेनुसार देशातल्या सुमारे दोन तृतीयांश विणकर कुटुंबांचे महिन्याचे उत्पन्न पाच हजार रुपयांपेक्षा कमी आहे. नीट जपलेली घोंगडी पंधरा-वीस वर्षे टिकते, हे लक्षात घेतले तर चार हजार रुपये म्हणजे वर्षाला दोन-अडीचशे रुपये. दरवर्षी-दोन वर्षांनी बदलाव्या लागणाऱ्या पॉलिस्टर ब्लँकेटपेक्षा हे फार महाग नाही. प्रश्न एवढाच, की चार हजार एकदम मोजावे लागतात.

घोंगडी खरोखर पर्यावरणस्नेही आहे का?

बहुतांशी आहे, पण ‘शंभर टक्के’ म्हणण्याआधी थांबायला हवे. जमेच्या बाजू स्पष्ट आहेत. रंग नाही, त्यामुळे रंगाचे सांडपाणी नाही. मागाला वीज लागत नाही. फाटली तर मातीत कुजून जाते. पॉलिस्टरसारखे प्लास्टिकचे सूक्ष्म तंतू मागे ठेवत नाही. मेंढ्या पडीक रानात चरतात आणि रात्री शेतात बसवल्या की लेंडीखत देतात, त्यासाठी शेतकरी मेंढपाळाला धान्य किंवा पैसे देतात. मटणासाठी पाळलेल्या मेंढीची लोकर कातरायचीच असते. ती वापरली नाही तर वाया जाते.

पण दुसरी बाजूही आहे. मेंढी रवंथ करणारा प्राणी आहे, ती मिथेन सोडते. मळकी लोकर धुवायला पाणी लागते आणि हा धंदा ज्या भागात आहे तिथे पाण्याचे टँकर ही दरवर्षीची गोष्ट आहे. लोकर नीट धुतली नाही तर वास राहतो आणि कसर लागते. म्हणून शहरासाठी माल बनवणाऱ्यांना धुलाई टाळता येत नाही. धुण्याचे पाणी गाळून शेताला देणे किंवा पावसाळ्यातच धुलाई उरकणे, अशा साध्या उपायांची जोड दिली तरच हा दावा टिकेल.

हा मुद्दा नुसता नैतिक नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणाबाबतच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’, ‘सस्टेनेबल’ असे मोघम शब्द वापरायचे तर त्यामागे पुरावा हवा. छोट्या उत्पादकासाठी हे ओझे वाटेल, पण त्याच्याच फायद्याचे आहे. ‘मटणासाठी पाळलेल्या मेंढीची लोकर, रंग न दिलेली, हाताने कातलेली, अमुक गावात विणलेली’ एवढे खरे लिहिले तरी ते कुठल्याही हिरव्या शिक्क्यापेक्षा वजनदार आहे. मोठ्या ब्रँडला एवढे नेमके लिहिणे सहसा जमत नाही.

यंत्र आणले तर परंपरा बुडेल का?

या चर्चेत हमखास येणारा प्रश्न. यावर स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील आउटर हेब्रिडीज बेटांनी दिलेले उत्तर पाहण्यासारखे आहे. तिथले हॅरिस ट्वीड हेही भरड लोकरीचे, खेडुतांनी घरी विणलेले कापड. सुरुवातीला त्याच्या व्याख्येत सूतही हाताचेच हवे होते. सूत पुरेनासे झाले तेव्हा १९३४ मध्ये व्याख्या बदलली आणि बेटांवरच्याच गिरणीत कातलेले सूत चालू लागले. विणकाम मात्र बेटावरच्या माणसाने, स्वतःच्या घरी, पायाने चालवायच्या मागावरच करायचे. १९९३ मध्ये ब्रिटिश संसदेने हीच व्याख्या कायद्यात बसवली. तपासणी झाल्याशिवाय कापडावर शिक्का उमटत नाही.

या उदाहरणात दोन धडे आहेत. पहिला, हाताचे काय आणि यंत्राचे काय, हे बाजाराने आपोआप ठरवण्याआधी कारागिरांनी स्वतः ठरवावे. दुसरा धडा कडू आहे. २००७च्या सुमारास तिथली सर्वात मोठी गिरणी एकाच मालकाकडे गेली, त्याने नक्षीचे प्रकार एकदम कमी केले आणि अनेक विणकरांचे काम थांबले. सूत ज्याच्या हातात, त्याच्या हातात सगळा धंदा.

घोंगडीच्या बाबतीत पिंजण हे सर्वाधिक कष्टाचे आणि सर्वात कमी कौतुकाचे काम आहे. त्यात छाती भरते ती धुळीने. गिऱ्हाईक कधीही पिंजणासाठी पैसे मोजत नाही; ते मोजते विणीसाठी, पोतासाठी. मग पिंजण यंत्राने करायला हरकत काय? वरच्याच हिशेबात पिंजण यंत्रावर नेऊन दोन दिवस वाचले आणि त्यासाठी १५० रुपये मोजले, तर त्याच मजुरीत घोंगडीची किंमत ४,००० वरून सुमारे ३,३०० रुपयांवर येते. मजुरी एक रुपयाने न कापता माल सातशे रुपयांनी स्वस्त होतो. कातणे हाताने की मोटारच्या चरख्यावर, यावर मतभेद होऊ शकतात. पिंजणावर व्हायचे कारण नाही. अट एकच, ते यंत्र कुणा एका व्यापाऱ्याच्या गोदामात नको. मेंढपाळ, कातणाऱ्या बायका आणि विणकर यांच्या सामायिक मालकीचे हवे.

सरकार काय करते आणि कुठे कमी पडते?

कागदावर घोंगडी दुर्लक्षित नाही. हातमागासाठी वस्तू राखून ठेवणाऱ्या १९८५च्या केंद्रीय कायद्यात ज्या ११ वस्तू आहेत, त्यात कांबळ-कांबळीचा समावेश आहे. राज्याच्या ‘एकात्मिक व शाश्वत वस्त्रोद्योग धोरण २०२३-२८’ मध्ये पैठणी, हिमरू, करवत काटी आणि खण यांच्यासोबत घोंगडीला पारंपरिक वस्त्र म्हणून स्थान आहे. नोंदणीकृत हातमाग विणकरांना सणासाठी पुरुषाला दहा हजार आणि महिलेला पंधरा हजार रुपये भत्त्याची तरतूद आहे. केंद्राचा एकात्मिक लोकर विकास कार्यक्रमही आहे. २०२५-२६ पर्यंतच्या पाच वर्षांसाठी त्याला १२६ कोटी रुपये मंजूर झाले.

मग अडते कुठे? मेंढी पशुसंवर्धन खात्याची, माग वस्त्रोद्योग खात्याचा. मेंढीच्या पाठीवरून उतरलेली लोकर मागापर्यंत पोहोचण्याचा प्रवास मात्र कुणाच्याच खात्यात नाही. पशुसंवर्धनाला मटणाचे उत्पादन वाढवायचे असते, वस्त्रोद्योगाला विणकरांची नोंदणी करायची असते. लोकर गोळा करणे, प्रतवारी, धुलाई, पिंजण, सूत ही पाच कामे या दोन टेबलांच्या मधल्या फटीत पडतात. नवे मेळावे, नवी प्रशिक्षण शिबिरे आणि नवे पुरस्कार यांनी ही फट बुजत नाही.

त्यासाठी मोठ्या रकमेची गरज नाही. मेंढ्यांची संख्या जास्त असलेल्या चार-पाच तालुक्यांत हंगामी लोकर संकलन केंद्र, त्याला जोडून पिंजण यंत्र आणि सुताची पेढी, एवढी सुरुवात पुरे आहे. मेंढपाळाला रंगानुसार निवडलेल्या स्वच्छ लोकरीचा जाहीर दर मिळाला, तर तो लोकर टाकून देणार नाही. दुसरे, ‘विणकर’ या शब्दाची व्याप्ती वाढवावी. सूत कातणारी बाई नसेल तर विणकर रिकामा बसतो. मग ओळखपत्र, भत्ता आणि विमा यांचा विचार करताना तिला आधी धरायला हवे. तिसरे, सरकारी खरेदी. अंत्योदय कुटुंबांना वर्षाला एक साडी देण्यासाठी सरकारने यंत्रमागाला हक्काचे गिऱ्हाईक मिळवून दिले. त्याच्या छोट्याशा अंशाइतकी खरेदी विश्रामगृहे, वसतिगृहे, अंगणवाड्या यांच्या बैठकीसाठी दख्खनी लोकरीची केली, तरी सूत कातणाऱ्या हातांना बारमाही काम मिळेल.

जीआय मानांकनाने प्रश्न सुटेल का?

भौगोलिक मानांकन उपयोगाचे आहे, पण त्याच्याकडून जास्त अपेक्षा ठेवू नये. पैठणीला मानांकन मिळून बरीच वर्षे झाली, तरी लग्नसराईत यंत्रमागावरची ‘सेमी पैठणी’ बिनदिक्कत विकली जाते. मानांकन नावाचे रक्षण करते, तेही कुणी तक्रार केली तर. ते गिऱ्हाईक आणत नाही आणि सूतही आणत नाही. खोट्या मालाविरुद्ध तक्रार करायला वेळ, वकील आणि पैसा लागतो आणि तो एकट्या विणकराकडे नसतो. म्हणून आधी उत्पादकांचा संघ, मग व्याख्या, मग शिक्का असा क्रम हवा. आपल्याकडे तो बहुधा उलटा होतो.

खरी घोंगडी ओळखायची कशी?

घेणाऱ्याच्याही हातात बरेच काही असते. खरेदी करताना चार गोष्टी विचाराव्यात. लोकर कुठली? सूत हाताचे की गिरणीचे? विणले कुणी आणि कुठे? आणि एवढ्या किमतीत करणाऱ्याला किती मिळतात? शेवटच्या प्रश्नावर विक्रेता चिडला तर उत्तर मिळाले असे समजायला हरकत नाही.

शंका असेल तर एक धागा काढून जपून पेटवून पाहावा. लोकर केसासारखा वास सोडते, विस्तव काढला की विझते आणि तिची राख बोटात चुरगळते. पॉलिस्टर वितळते आणि त्याची कडक गोळी होते. हाताने कातलेले सूत कुठे जाड, कुठे बारीक असते; हा दोष नव्हे, तीच ओळख. नवी घोंगडी थोडी टोचणार, थोडा वास येणार. उन्हात चार वेळा झटकली की दोन्ही कमी होतात. वारंवार धुवायची गरज नाही. कडुनिंबाचा पाला घालून ठेवायची जुनी पद्धत आजही चालते.

पुढे काय?

हातमागाच्या चर्चेत ‘कला वाचवा’ असे आवाहन नेहमी होते. घोंगडी ही दिवाणखान्यात टांगायची कला कधीच नव्हती. ती गरजेची वस्तू होती, म्हणून टिकली. गरज संपली, म्हणून मागे पडली. आता शहराला प्लास्टिकमुक्त, टिकाऊ वस्तूंची गरज वाटू लागली आहे आणि छोट्या उत्पादकांनी तिच्याशी जुळवून घेण्याचे काम स्वतःच्या हिमतीवर सुरू केले आहे. त्यांच्याकडे डिझाइन आहे, ऑर्डर आहेत, फोनवर गिऱ्हाईक आहे.

कमी आहे ती वेळ. सूत कातणाऱ्या पिढीचे वय वाढत चालले आहे. ज्या मुलींनी आईला आणि आजीला आठ दिवस राबून शे-सव्वाशे रुपये रोज कमावताना पाहिले, त्या चरख्याला हात लावणार नाहीत आणि त्यांनी का लावावा, याचे उत्तर आज कुणाकडे नाही. दिवसाला किमान रोजगार हमीएवढी मजुरी सुटेल असा दर, कष्टाचे काम हलके करणारे सामायिक यंत्र आणि बांधावरून मागापर्यंत लोकर पोहोचवणारी व्यवस्था, या तीन गोष्टी जमल्या तर ते उत्तर देता येईल. त्या जमल्या नाहीत, तर प्रदर्शनातल्या गालिचावर ‘सस्टेनेबल’ची पाटी राहील, पण तो विणायला सूत मिळणार नाही.